हॉलिस्टर ते हिंगोली : चॉपरची कागदपत्रे

२१ जुलै १९४७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात एक मोठे छायाचित्र छापून आले. हार्ले-डेव्हिडसनवर रेलून बसलेला एक धिप्पाड तरुण, दोन्ही हातांत बिअरच्या बाटल्या आणि चाकांभोवती रिकाम्या बाटल्यांचा खच. सोबत मोजक्या ओळींचा मजकूर होता : कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या गावात मोटारसायकलवाल्यांनी धुडगूस घातला. मोटारसायकलवाला म्हणजे गुंड, ही जगभर पसरलेली प्रतिमा शोधत मागे गेले की बहुतेक वाटा या एका पानापाशी येऊन थांबतात.

छायाचित्र ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या बार्नी पीटरसन यांनी काढले होते. तेव्हा तिथे हजर असलेला, गावातल्या सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा गस डेसेर्पा पुढे अनेकांना सांगत राहिला की बाटल्या गोळा करून गाडीभोवती रचल्या गेल्या, मग एका झिंगलेल्या माणसाला गाडीवर बसवले गेले. साक्ष एकाच माणसाची आहे आणि बऱ्याच उशिरा नोंदवलेली आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्या दिवसांच्या बातम्यांतले आकडे मात्र तपासता येतात. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने ४ जुलैच्या सुट्टीला जोडून शर्यतींचा मेळावा भरवला होता. साडेचार हजार वस्तीच्या गावात सुमारे चार हजार मोटारसायकलस्वार आले. गावात पोलीस सात. पन्नासेक जणांना अटक झाली, बहुतेकांना दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल. साठेक जण जखमी झाले, त्यांतले तिघे गंभीर. एवढ्या गर्दीच्या मानाने हा उपद्रव होता, दंगल नव्हती.

यानंतर त्या संघटनेने म्हणे जाहीर केले की ९९ टक्के मोटारसायकलस्वार सज्जन असतात, वाईट तो उरलेला एक टक्का. याच वाक्याचा आधार घेऊन पुढे बंडखोर टोळ्यांनी जाकिटावर ‘१ टक्का’ असा बिल्ला शिवून घेतला. बिल्ला खरा आहे, आजही शिवला जातो. ज्या निवेदनावर तो उभा आहे, ते संघटनेच्या दफ्तरात सापडत नाही. तसे तिच्या प्रवक्त्यांनीच सांगितले आहे. १९५१ च्या जानेवारीत फ्रँक रूनी यांची या घटनेवर बेतलेली कथा ‘हार्पर्स’ मासिकात आली, १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला आणि ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने १९६७ पर्यंत त्याला सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी दिली नाही. छायाचित्रावरून कथा, कथेवरून चित्रपट, चित्रपटावरून बंदी. पायरीगणिक मूळ घटना लहान आणि भीती मोठी होत गेली.

हिंगोलीत बसून हॉलिस्टरची एवढी उलटतपासणी कशासाठी, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. चॉपर आपल्याकडे पोस्टरातून आणि पडद्यावरून आली. ती रस्त्यावर का उतरली नाही, आणि उतरली तेव्हा कोणत्या रूपात उतरली, याचे उत्तर दंतकथांत मिळत नाही; ते कायद्याच्या कलमांत, आयातीच्या अधिसूचनांत आणि गाडीच्या आरसी बुकात मिळते. हे कागद रुक्ष आहेत, पण त्यांच्यावर तारखा आहेत.

चॉपर म्हणजे मुळात कापलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने दोस्त सैन्यांसाठी नव्वद हजारांच्या आसपास मोटारसायकली बांधल्या. त्यांत ‘डब्ल्यूएलए’ हे मॉडेल मुख्य. युद्ध संपल्यावर यांतल्या कितीतरी गाड्या मोडीच्या भावात विकल्या गेल्या, आणि हाताला यंत्राची सवय असलेले तरुण सैनिकही त्याच वेळी घरी परतले. त्यांनी जड गाडी हलकी करायला घेतली. पुढचा मडगार्ड काढला, मागचा छाटला, पिशव्यांचे हूक, जाळ्या, काच, नको ते सगळे उतरवले. शर्यतीत वेग मिळावा एवढाच त्यात हेतू होता.

साठच्या दशकात या कापाकापीला वेगळे वळण लागले. आता चासीचाच गळा कापला जाऊ लागला. हँडलची दांडी ज्या नळीत फिरते ती नळी मागे कलवून पुन्हा वेल्डिंग करायची आणि तिच्यात लांबच लांब चिमटा (फोर्क) बसवायचा, म्हणजे पुढचे चाक दूर जाते. चिमटा कलला की त्याची रेषा जमिनीला जिथे मिळते ती जागा आणि टायर जिथे टेकतो ती जागा, यांतले अंतर वाढते. हे अंतर जितके जास्त, तितकी गाडी वेगात सरळ धावते, आणि तितकीच ती सावकाश वळवताना जड लागते. दोन चाकांमधले अंतर वाढल्याने वळणाचा घेरही मोठा होतो. अनेक चॉपरना मागे शॉकअप नसतात, चाक थेट चासीला जखडलेले असते. नेवाडाच्या वाळवंटातल्या सरळ, गुळगुळीत महामार्गावर हे सगळे खपून जाते. काळ्या मातीवर बांधलेला आपला रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. त्यावर दर शाळेपुढे, दर वस्तीपुढे गतिरोधक. अशा रस्त्यावर बिनशॉकअपची, जमिनीला टेकू पाहणारी लांबलचक गाडी सेनगावहून हिंगोलीपर्यंत रोज नेऊन दाखवावी. कायदा आडवा यायच्या आधी रस्ताच आडवा येतो.

या कलेच्या इतिहासातला एक अन्याय कागदांमुळेच उघडकीला आला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातली अमेरिकन झेंड्याच्या रंगांची चॉपर ही जगातली सर्वांत ओळखीची मोटारसायकल असावी. लॉस एंजेलिस पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले घेऊन ती आणि तिची जोडीदार गाडी बांधली गेली. बांधणीची जबाबदारी क्लिफ व्हॉन्स यांच्याकडे होती आणि प्रत्यक्ष काम बेन हार्डी यांच्या हातचे होते. दोघेही कृष्णवर्णीय. व्हॉन्स हे नागरी हक्कांच्या चळवळीत काम केलेले छायाचित्रकार होते, तर हार्डी हे दक्षिण लॉस एंजेलिसमधले नावाजलेले मिस्तरी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावे नाहीत. कित्येक वर्षे लोक त्या गाडीच्या प्रतिकृती बांधत राहिले आणि तिच्या कर्त्याचे नाव विचारले तर सांगता येत नव्हते. गोऱ्या बंडखोरांची म्हणून मिरवलेल्या या संस्कृतीची सर्वांत प्रसिद्ध गाडी काळ्या कारागिरांनी घडवली, ही नोंद आता इतिहासात पक्की झाली आहे. आणखी वीस वर्षे कोणी विचारलेच नसते, तर तीही बुडाली असती.

युद्धातल्या उरलेल्या मोटारसायकली भारतातही विकल्या गेल्या. त्यांचे इथे काय झाले ते पाहिले की दोन देशांतला फरक उघड होतो. दिल्लीत हार्लेचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा, छपराचा, बाकांचा सांगाडा जोडला गेला आणि ‘फटफट’ सेवा सुरू झाली. चांदणी चौक, कॅनॉट प्लेस या भागांत ती पन्नास वर्षांच्या आसपास चालली. सहा-आठ माणसे एका वेळी. मूळ इंजिने थकली तशी त्यांच्या जागी डिझेल इंजिने आली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून ही वाहने रस्त्यावरून हटवली गेली. एकाच कारखान्यातून निघालेली, एकाच युद्धासाठी बांधलेली गाडी. कॅलिफोर्नियात तिच्यातून एक माणूस सोडून बाकी सगळे काढून टाकले गेले, दिल्लीत तिच्यावर सगळे कुटुंब चढवले गेले.

हीच रीत पुढे गावोगाव दिसली. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी गेल्या पिढीला राजदूत आठवते ती दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली. लुनावर चाऱ्याचा भारा, एम-८० वर खताची गोणी, बुलेटवर नवरा-बायको आणि टाकीवर पोर. आमच्या मिस्तरींनी गाड्यांत बदल केले नाहीत, असे मुळीच नाही. त्यांनी कॅरिअर वाढवले, लोखंडी पट्ट्या मारून मागचे शॉकअप बळकट केले, साडी अडकू नये म्हणून जाळी बसवली. बदल करण्याची इथली सारी बुद्धी जोडण्याकडे वळली. चॉपर बांधायला मोडीच्या भावातली दुसरी गाडी लागते. घरात एकच गाडी असेल आणि तीही वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली असेल, तर तिच्या चासीला करवत लावण्याची छाती कोणाची?

वाट पाहावी लागे, कारण कारखाने मोजके होते. भारतीय सैन्याने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या. त्यातून १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. मुंबईत जावा गाड्यांची आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा काढली आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एका मॉडेलवरून घेतलेली. परवाना पद्धतीच्या काळात भारतीय मोटारसायकल म्हणजे जवळजवळ ही तीनच नावे. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या राजदूतवर फिरले, तिला लोकांनी ‘बॉबी’ हेच नाव दिले. तरुणाईसाठी म्हणून वेगळ्या आकाराची मोटारसायकल विकण्याचा आपल्याकडचा तो पहिला ठळक प्रयत्न, असे मला वाटते. ‘ईझी रायडर’नंतर चारच वर्षांनी आपल्या पडद्यावर आलेली ही गाडी इतकी ठेंगणी होती की तिच्यावर बसून बंड करणे अवघडच, पळून जाणे मात्र शक्य होते आणि चित्रपटात ते दोघे तेच करतात. १९९० च्या दशकात एन्फिल्डने कारखान्यातूनच डिझेलवर चालणारी बुलेट विकली. वेग बेताचा, आवाज शेतातल्या पंपासारखा, पण मायलेज भरपूर. गिऱ्हाईकाला काय हवे होते, ते या एका मॉडेलवरून कळते.

खरी हार्ले भारतात कशी आली, याची गोष्ट महाराष्ट्रातून जाते आणि तिच्याभोवतीही एक दंतकथा आहे : हापूस देऊन हार्ले घेतली. ही कथा कागदांवर घासून पाहिली पाहिजे.

आंब्याची बाजू अशी. कोयीत राहणारा भुंगा आणि फळमाशी आपल्या बागांत शिरेल, या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दीर्घकाळ दार बंद ठेवले होते. २००६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले तेव्हाच्या बोलण्यांत आंबा होता. १२ मार्च २००७ रोजी अमेरिकेच्या सरकारी राजपत्रात अंतिम नियम प्रसिद्ध झाला : भारतीय आंबा किमान ४०० ग्रे इतक्या विकिरण मात्रेतून गेला पाहिजे आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निरीक्षकांदेखत तपासला गेला पाहिजे. अशी सोय कुठे होती? नाशिक जिल्ह्यात लासलगावला. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ मध्ये उभारले होते, ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. कांद्याला जी मात्रा पुरते तिच्या कितीतरी पट आंब्याला लागते, म्हणून केंद्रात त्यानुसार बदल करून घ्यावे लागले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांतून गेलेला हापूस २७ एप्रिल २००७ रोजी न्यूयॉर्कला उतरला. पेट्या १५०. त्या हंगामात एकूण सुमारे १५७ टन आंबा असा गेला.

मोटारसायकलची बाजू वेगळ्याच खात्यात आहे. भारताचे धुराचे निकष लहान इंजिनांच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून आखलेले होते आणि मोठ्या इंजिनांना ते पाळता येत नव्हते. २००७ च्या एप्रिलमध्ये वाणिज्यमंत्री कमलनाथ आणि अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी सुझन श्वाब यांच्या भेटीच्या वेळी जाहीर झाले की ८०० सीसी आणि त्याहून मोठ्या मोटारसायकलींना युरो-३ निकष मान्य केले जातील. दोन्ही बातम्या एकाच महिन्यात आल्या, दोन्ही सरकारांचे मंत्री त्या एका दमात बोलले, आणि वर्तमानपत्रांना मथळा आयता मिळाला.

मग देवाणघेवाण खरी की खोटी? अमेरिकेच्या राजपत्रातला नियम वाचला तर त्यात किडे, बुरशी, पेट्यांचे आवेष्टन आणि विकिरणाची मात्रा आहे. मोटारसायकलचा शब्द नाही. आपल्या धुराच्या निकषांत आंबा नाही. सौदा झाला असेल तर तो बोलण्यात झाला. कागदावर उतरले ते दोन देशांतल्या दोन खात्यांचे दोन वेगळे तांत्रिक निर्णय. माझ्या मते ‘हापूसच्या बदल्यात हार्ले’ हे वर्णन राजकारण म्हणून बरोबर आहे आणि व्यवहार म्हणून फसवे. फसवे अशासाठी की आंबा त्याच महिन्यात पोहोचला आणि हार्ले आली नाही. आयात शुल्क ६० टक्के होते आणि बाकीचे कर धरता बोजा नव्वदीच्या घरात जात होता. कंपनीने भारतात येण्याची घोषणा केली २००९ च्या ऑगस्टमध्ये, विक्री सुरू झाली २०१० मध्ये. २०१३ च्या अर्थसंकल्पात ८०० सीसीवरच्या गाड्यांचे शुल्क ७५ टक्क्यांवर नेले गेले, २०१८ च्या फेब्रुवारीत ते ५० वर आले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंत ४० व त्यावर ३० टक्के झाले. अठरा वर्षे दोन राष्ट्रांनी एका मोटारसायकलवर इतका खल करावा, ही या गाडीच्या प्रतिमेची ताकद आहे. तिची भारतातली विक्री पाहिली तर एवढ्या खलाचे प्रयोजन सापडत नाही.

आता गाडी घरात आली असे धरू. ती कापता येईल का?

इथे खरा तिढा आहे आणि तो दोन ओळींचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही गाडीतल्या बदलांवर कलम होते. नोंदणी अधिकाऱ्याला कळवल्यावाचून आरसीतला तपशील खोटा ठरेल असे काही करता येत नसे. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यात हे कलम ५२ झाले. त्याचा रोखही तोच राहिला : आधी सूचना द्या, मंजुरी घ्या, मग बदल करा. म्हणजे दार बंद नव्हते, फक्त दारावर कारकून बसला होता. २००० सालच्या दुरुस्तीने कलम नव्याने लिहिले. त्याचा आशय असा, की उत्पादकाने मुळात जे नमूद केले त्याहून आरसीतला तपशील वेगळा ठरेल, असा बदल मालकाने करू नये. सीएनजी-एलपीजीची मान्य किट बसवण्यासारख्या काही सवलती ठेवल्या, पण कसोटी बदलली. आधी मालक आणि सरकारी अधिकारी यांच्यातला प्रश्न होता. आता कारखान्याचा शब्द शेवटचा झाला.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र’ या केरळमधून आलेल्या प्रकरणात यावर शिक्का मारला. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या पीठाने केरळ उच्च न्यायालयाचा सवलतीचा निकाल रद्द केला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले : परवानगी नसलेल्या रीतीने गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता आरसीचा नमुना, फॉर्म २३, समोर घ्या. उत्पादकाचे नाव, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, सिलिंडर, घनक्षमता, इंधन, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन, रंग. उत्पादकाचे वर्गीकरण ठाऊक नसेल तर दोन चाकांमधले अंतर. चॉपर बांधणारा यांतल्या किती रकान्यांना हात लावतो ते मोजून पाहावे. वजन बदलते, चाकांतले अंतर बदलते, बहुधा दोन आसनांचे एक होते, आणि चासी कापताना क्रमांकाची जागा जपली नाही तर गाडीची ओळखच जाते. इतर अनेक छंद कायद्याच्या काठाकाठाने चालतात. हा छंद आरसीच्या नेमक्या रकान्यांतच घडतो. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची मोटारसायकल्स’सारख्या कार्यशाळांनी एन्फिल्डवरून घडवलेल्या गाड्या सुंदर आहेत, त्यांत कसब आहे, हे मी मनापासून मानतो. अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला गेलेल्या घराची बाजूही मला समजते. कायद्याने सुरक्षिततेचा विचार केला तो योग्यच. पण १९८८ ची तपासून मंजुरी देण्याची वाट बुजवून टाकली, तिथे कारागिराचा विचार झाला नाही, आणि याचे मला वाईट वाटते. इतर देशांत एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर सोडण्याची पद्धत आहे. आपल्याकडे अभियंते आहेत, तपासणी केंद्रे आहेत. ती पद्धत बसवणे अशक्य नव्हते.

कापता येईना, तेव्हा तो आकार कारखान्यातून बनून येऊ लागला. बजाजने २००१ मध्ये कावासाकीच्या सहकार्याने ‘एलिमिनेटर’ आणली : खाली बसकी सीट, पुढे पाय, कललेला चिमटा, १७५ सीसी. ती महाग पडली. २००५ मध्ये तिचेच रूप घेऊन ‘अ‍ॅव्हेंजर’ आली आणि तिने जम बसवला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या पाचही तालुक्यांच्या रस्त्यांवर चॉपरच्या कुळातली म्हणता येईल अशी गाडी कोणती, तर ही. तिची आरसी निर्दोष आहे, कारण कापाकापी अभियंत्यांनी कागदावर आधीच करून ठेवली.

हिंगोली जिल्हाच मुळी कागदावर कापून निघाला. १ मे १९९९ रोजी परभणीतून. त्याआधी इथली गाडी एमएच-२२ होती, त्यानंतर एमएच-३८ झाली. जुन्या गाड्यांनी जुना क्रमांक ठेवला, त्यामुळे नंबर प्लेटवरून जिल्ह्याचे वय वाचता येते. हळदीच्या हंगामात वसमतच्या बाजार समितीबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींच्या रांगेत एखादी एमएच-२२ दिसली, तर तिची पहिली नोंद जिल्ह्याच्या जन्माआधीची असण्याचा संभव मोठा. किंवा ती शेजारच्या परभणीची असेल. कोणते खरे ते आरसीवरची तारीख सांगते. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते, फॉर्म २५ भरून पुन्हा पासिंग करावे लागते, पुढे दर पाच वर्षांनी तेच. विक्री झाली की फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या हद्दीत गेली की २८, कर्ज फिटले की ३५. एखाद्या बुलेटचे हे सगळे कागद एकत्र ठेवले, तर ती कोणी कधी घेतली, कोणत्या पतसंस्थेच्या कर्जावर, किती वर्षांत कर्ज फिटले, मग कोणत्या तालुक्यात गेली, हे ओळीने मांडता येते. हॉलिस्टरच्या त्या छायाचित्रापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

आणि संस्कृतीचे काय? अमेरिकेतल्या टोळ्यांनी समाजाकडे पाठ फिरवली. आपल्याकडे मोटारसायकलचा जमाव निघतो तो सणाला, जयंतीला, प्रचाराला. शिवजयंतीची दुचाकी रॅली, निवडणुकीची रॅली, त्यासाठी पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज, मार्गाचा तपशील, मिळालेली परवानगी. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. पुढे मुंबईत गिरगावासह अशा यात्रांत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायका हे दरवर्षीचे दृश्य झाले. २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने ‘बायकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या महिलांचा गट उभा राहिला आणि देशभर पसरला. बायकांनी मागे बसायचे, ही अमेरिकी टोळ्यांची रीत. इथल्या मोटारसायकल संस्कृतीतले सर्वांत ठसठशीत चित्र पुढे बसलेल्या बाईचे आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

बंडाची उरलेली हौस सायलेन्सरवर भागवली जाते. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कायद्याने ८० डेसिबलची मर्यादा आहे. ती ओलांडणारे, फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि पुण्या-नागपुरात त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. शाळेजवळ, दवाखान्याजवळ तो आवाज ज्याने सोसला आहे, त्याला ही कारवाई रास्त वाटेल, मलाही वाटते. चॉपरच्या कलेशी त्या आवाजाचे नाते नाही.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये हार्लेने हरियाणातला जुळणीचा कारखाना बंद करत असल्याचे सांगितले आणि सुमारे महिन्याभराने हीरो मोटोकॉर्पशी करार केला. २०२३ च्या जुलैत त्यातून आलेली ‘एक्स ४४०’ सुरुवातीला २ लाख २९ हजार रुपयांना होती. एका सिलिंडरची, राजस्थानात बनणारी, सरळ चिमट्याची. अमेरिकेच्या राजपत्राने आणि लासलगावच्या कोबाल्टने जे साधले नाही, ते सायकलींपासून सुरुवात केलेल्या घराण्यातल्या एका भारतीय कंपनीच्या विक्रीजाळ्याने साधले : हार्लेचे नाव तालुक्याच्या गावातल्या पगारदाराच्या हिशेबात आले.

जुन्या गाड्या मात्र वेगाने जात आहेत. २०२१ पासून वाहन मोडीत काढण्याचे धोरण लागू आहे, गाडी भंगारात दिली की नोंद रद्द होते आणि आरसी जमा करावी लागते. पुस्तकाच्या जागी कार्ड आले, कार्डावर मागच्या मालकांची नावे आणि पासिंगचे शिक्के नाहीत. ज्यांच्या घरी एमएच-२२ ची किंवा त्याआधीच्या क्रमांकाची बुलेट, येझदी, राजदूत होती, त्यांनी ते पिवळे पडलेले आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, गॅरेजची बिले आणि गाडीसमोर उभे राहून काढलेला घरचा फोटो आधी स्कॅन करून ठेवावा. फोटोच्या मागे साल, गाव आणि गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्तरीचे नाव लिहावे.